पिशवीची गाठ

ताइनानच्या त्या गल्लीतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चुआंगकाकांना बजावलं, "साखर काठावर आलीय. रोज अर्धा तास चाला, नाहीतर मधुमेह झालाच म्हणून समजा."

"चालायला मी काय पोस्टमन आहे?" म्हणत काका घरी येऊन खुर्चीत बसले, ते बसलेच.

पण कचऱ्याची घंटागाडी कुणासाठी थांबते? संध्याकाळी तिची पियानोची धून दारावरून पुढे सरकली, की काकू पिशवीला गाठ मारत बाहेर यायच्या.

"अगं, जरा आधी द्यायला काय होतं तुला?"

"अहो, माशाची डोकी टाकायची राहिली होती!"

मग काका सपाता फटफटवत, काकूंचा उद्धार करत गाडीमागे धावायचे. कधी देवळापाशी गाठायचे, कधी पार बाजाराच्या तोंडाशी.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. साखर चांगलीच उतरली होती.

काका फुशारले. "बघा, एकही दिवस फिरायला गेलो नाही! उलट हिच्या वेंधळेपणापायी माझा जीव मेटाकुटीला आलाय."

ते छत्री उचलायला वाकले, तेवढ्यात डॉक्टरीणबाई काकूंच्या कानाशी लागल्या.

"छान जमलंय. आता पिशवी आणखी दोन मिनिटं उशिरा द्या."