दोन चोर आणि एक पोपट

आणखी एक मुलगी विभागप्रमुखांच्या केबिनमधून बाहेर आली. ओठ घट्ट दाबलेले, नजर जमिनीवर. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाईंकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

संपलं, बाईंना वाटलं.

दार अर्धवट उघडं होतं. सरांचा आवाज दर वेळी तोच, घोटून पाठ केल्यासारखा. "बाई अर्थशास्त्राच्या नावाखाली नुसत्या मालिका दाखवतात, एवढंच म्हण. हजेरीचं मी बघतो. गप्प बसशील तर परीक्षा विसर. बाकीचे बोललेत बरं का." पोरांचं उत्तर मात्र बाहेर ऐकू येत नव्हतं.

बाईंचा वर्ग उलटा चालायचा. धडा घरी, मोबाईलवर, भांडणं वर्गात. परवाचा धडा म्हणजे पोलिसी मालिकेच्या थाटात बाईंनीच घरी बनवलेला व्हिडिओ होता. दोन चोर, दोन कोठड्या. इन्स्पेक्टर प्रत्येकाला एकटं गाठून म्हणतो, दुसरा बोललाय, तूही बोल, सुटशील. दोघंही गप्प राहिले तर पुरावाच नाही. व्हिडिओत दुसऱ्या चोराचा आवाज बाईंच्या सासूबाईंनी काढला होता, तोही कणिक मळता मळता.

एवढं करून वर्गात बाईंनी विचारलं, "तुम्ही काय कराल?" सगळे खिदळत म्हणाले, "मित्र गेला खड्ड्यात, आधी मी बोलणार."

बाईंची नोकरी वर्षावर्षाची. ती घालवायला सरांना एकच तोंड पुरेसं होतं. आणि आत्ता शेवटी आत गेला होता तो, ज्याला सगळा वर्ग पोपट म्हणायचा. ह्याच्या पोटात काही म्हणजे काही राहायचं नाही. सख्ख्या ताईचं प्रेमप्रकरण तिने घरी सांगायच्या आत ह्याने वर्गात जाहीर केलं होतं.

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि सासूबाईंना काय सांगायचं, त्याची वाक्यं जुळवायला लागल्या. एकही जुळेना.

पोपट बाहेर आला. समोर उभा राहिला.

"बोललास ना?" बाई म्हणाल्या. "असू दे रे. तुझं वर्ष तरी वाचलं."

"बाई, सगळा वर्गच गप्प बसला तर सर किती जणांना घरी बसवणार?"

केबिनमधली घंटा वाजली. पुन्हा वाजली. आत जायला कुणी उरलंच नव्हतं. तेव्हा कुठे पोपटाने दाबून धरलेलं हसू सोडलं.

"तो चोरांचा व्हिडिओ पुन्हा बघून आलो होतो सगळे. आज पोपट सरांचा झाला."