एक तारखेचं भाडं

"भाड्याची मदत घ्यावीच लागते का? नाही घेतली तर पेन्शन अडेल?" शेवंताबाईंनी सरकारी खिडकीपलीकडच्या मुलीला विचारलं.

"पेन्शनला काही होत नाही, मावशी. ही मदत ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. पण मिळतेय तर घ्या की. भाडं परस्पर मालकिणीच्या खात्यात जाईल. पत्त्यावरून मालकीण वरच्याच मजल्यावर दिसतेय, तुमची जिना चढायची दगदगही वाचेल."

जिन्याचं नाव निघालं तशा शेवंताबाई थबकल्या. "मग राहू दे," त्या म्हणाल्या. "माझं भाडं असं आहेच किती." पिशवी उचलून त्या निघाल्या.

दर एक तारखेला त्या तळमजल्यावरच्या आपल्या खोलीतून वर जात आणि शेटेवहिनींच्या हातावर भाडं ठेवत. मग जायफळ घातलेली कॉफी पीत दोघी दिवेलागणीपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांची उणीदुणी काढत. गुडघे गेल्यापासून वहिनींना खाली उतरणं जमत नव्हतं.

आजही एक तारीख होती, पण वर कॉफीचा वास नव्हता. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"आलीस कशाला? आता सरकार भरणार ना तुझं भाडं? समोरचा वाणी सांगत होता."

"नाही घेतली मदत. सक्ती नाही म्हणाले." शेवंताबाईंनी नोटा पुढे केल्या.

वहिनींनी त्या न मोजताच उशीखाली सारल्या.

"बरं केलंस. मी तर भाडं कधीच माफ केलं असतं. पण मग ओशाळून तू वर फिरकली नसतीस. जा, कॉफी ठेव."