विनयाचं रडणं

माहेरच्या दारात पाऊल ठेवता ठेवता विनयाने डावा डोळा दोनदा मिटला आणि डोळ्यातली भिंगं धुवायची सोय सुरू केली. बंदरावरच्या नोकरीसाठी बसवून घेतलेली ही भिंगं नजर धूसर होऊ नये म्हणून आसवं आतच अडवत. धूळ गेली तर तेवढं पाणी सोडत. वडील गेल्याचं कळल्यापासून छातीवर धोंडा होता, पण डोळे कोरडे ठणठणीत. आणि ओटीवर बसलेल्या बायका तर कोणती लेक किती रडली याचा हिशेब बाराव्यापर्यंत पुरवणाऱ्या!

धार लागली. गोदाआत्याने तिला गळ्याशी धरलं आणि गालाला गाल लागताच ती थबकली.

"गार आहे गं पाणी," ती कानात पुटपुटली. मग बायकांकडे वळून मोठ्याने म्हणाली, "बघा कशी ढसाढसा रडतेय पोर! बापावर जीवच तेवढा!"

त्यापेक्षा हिने थोबाडीत दिली असती तर बरं, असं विनयाला झालं.

"आत्या, मला खरंच रडायचंय गं," ती कुजबुजली. "येतच नाही."

"मग हंबरडा तरी फोड. मी धरलंय तुला."

विनयाने तोंड उघडलं, तर जांभई आली. मेल्याहून मेल्यासारखं होऊन तिने आत्याच्या गालाशी तोंड लपवलं.

आत्या मात्र आता भावासाठी खरोखर रडत होती. तिची ऊन आसवं विनयाच्या गालावर उतरली. बायकांनी समाधानाने माना हलवल्या. विनयाने ती पुसली नाहीत. आपलीच असल्यासारखी हनुवटीपर्यंत ओघळू दिली.