वैऱ्याची बडदास्त

देह हा आत्म्याचा वैरी, त्याचे लाड करू नका, हे पाळकसाहेबांनी चर्चमध्ये आयुष्यभर ठासून सांगितलं. त्याच बायबलमध्ये देहाला देवाचं मंदिरही म्हटलंय, मग खरं काय धरायचं, असं कुणी विचारलं की साहेब घसा खाकरून पुढचं गीत सांगून मोकळे व्हायचे.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता रोज सकाळी उठून साहेब गुडघ्याखाली मऊ उशी सरकवत, वर बर्फाची पिशवी ठेवत आणि काकुळतीला येऊन म्हणत, "वाक रे राजा, थोडा तरी वाक."

आज बायको चहा घेऊन आली, ती दारातच थबकली. "वैऱ्याची बडदास्त जोरात आहे."

साहेब ओशाळले. "अगं, गुडघे टेकल्याशिवाय मला प्रार्थनाच होत नाही."

"अशी कुठली प्रार्थना अडून राहिलीय?"

"नेहमीचीच."

"म्हणजे?"

साहेबांनी गुडघ्यावर हलकेच चादर ओढली आणि त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "देवा, या देहाच्या तावडीतून मला सोडव."