ओली चमक

"सर, फरशीच्या पॉलिशचा शेवटचा कोट मारून राहिली मी," केबिनच्या दारात उभी राहून माणिकबाई म्हणाली. "बाहेर निंघायचं असन तं आत्ताच निंघा. नाही तं तासभर आतच बसा."

विपुलने मोबाइलवरून मान वर केली नाही. अमरावतीतल्या या डोळ्यांच्या दवाखान्यात तो मॅनेजर म्हणून आला, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. गाव चांदूर बाजार. पण बोलायचा असा, की जसं पुण्याशिवाय दुसरं गाव याने पाह्यलंच नाही.

"मला वेळा सांगू नका, माणिकबाई. पाचला मॅडम येतील. फरशी पाहतील आणि ठरवतील. एक तारखेपासून अकोल्याची एजन्सी आणायची, असं मी त्यांना सुचवलंय. दोन तासांत काम करतात ते लोक. तुम्हाला दोन दिवस लागतात!"

दोन तासांत! माणिकबाईला हसूच आलं. न्हायचं नाही, धुवायचं नाही, वरून पावडर थापायची. तसलं ते काम. जुन्या पॉलिशवर नवं पॉलिश ओतायचं, मधला मळ आतल्या आत कोंडायचा आणि पैसे घेऊन पसार व्हायचं. महिन्याभरात टाइल्स पिवळ्याधम्मक.

तिने काल, शनिवारी, गुडघ्यांवर बसून व्हरांडाभर जुनं पॉलिश पट्टीने खरवडून काढलं होतं. मग दोन वेळा नुसत्या पाण्याने धुतलं, रात्रभर वाळू दिलं. आज रविवार, पेशंट नाहीत, म्हणून सकाळपासून एकावर एक पातळ कोट. अकरा वर्षं ती हेच करत आली होती. या विनाइलच्या टाइल्स बसवल्या तेव्हापासून दुसऱ्या कोणाचा हात त्यांना लागला नव्हता. आणि हा कालचा पोरगा तिला काम शिकवत होता. तिला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. बावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण ठेवणार?

बसतो तर बस म्हणावं. तिने त्याच्या दाराला एक खुर्ची आडवी लावली आणि काम सुरू केलं. मागच्या भिंतीपासून सुरुवात, अनवाणी पायांनी उलटं सरकत सरकत थेट पुढच्या दारापर्यंत. मोर्शीकडे तिची माय घर सारवायची, तेही असंच. आतून बाहेर. सारवणाऱ्या बाईच्या मागे ओली जमीन राहत नाही, पुढे राहते. यात शिकवण्यासारखं काय आहे?

शेवटचा हात मारून ती उंबऱ्यावर टेकली. समोर लांबलचक व्हरांडा असा चमकत होता, की छतावरच्या ट्यूबलाइटी खालीही लागल्यासारख्या वाटाव्यात. साडेचार झाले होते. पाचपर्यंत आरामात वाळलं असतं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. साधना मॅडम, दवाखान्याच्या मालकीण डॉक्टर, अर्धा तास आधीच आल्या होत्या.

केबिनचं दार धाडकन उघडलं. विपुलने पायानेच खुर्ची बाजूला लोटली. ती आडवी पडली. बूट घालूनच हा सुटला थेट पुढच्या दाराकडे.

"सर! ओलं हाये!" माणिकबाई ओरडली.

"ओलं कसं? चमकतंय की!"

घ्या! ओलं असतं तेव्हाच ते सगळ्यांत जास्त चमकतं, हे या शहाण्याला कोण सांगणार? चांदूर बाजारात याच्या घरी काय जन्मापासून टाइल्स होत्या? ओल्या सारवणावर पाय दिला म्हणून यानेही मायचा धपाटा खाल्लाच असेल. पण बूट आले, इस्त्रीची पँट आली, आणि धपाटा विसरला.

अर्ध्या व्हरांड्यात त्याचा बूट चिकटला. त्याने मागे वळून पाहिलं. केबिनपासून त्याच्यापर्यंत नऊ ठसे, एकेकात तळव्याची नक्षी स्पष्ट.

साधना मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बघा मॅडम," विपुल तिथूनच म्हणाला, "यांना साधी फरशी वेळेत होत नाही. म्हणून मी म्हणत होतो, अकोल्याची एजन्सी... माणिकबाई, बघत काय बसलात? पुसा हे!"

"पुसल्या जात नाही ते," माणिकबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "वाळू द्या लागते. मंग खरवडून पुन्हा पहिल्यापासून."

मॅडमनी ठसे पाहिले. आडवी पडलेली खुर्ची पाहिली, विपुलचे बूट पाहिले. मग उंबऱ्याबाहेरच चपला काढल्या.

"माणिकबाई, मी कुठून येऊ?"

"येऊच नका, मॅडम. बसा इथं माह्यापाशी. अर्धा घंटा लागन." माणिकबाईने पदराने उंबरा पुसला. मॅडम बसल्या.

विपुलने एक पाय उचलला होता, तो कुठे टेकवावा हे त्याला कळेना.

"मंग आता मी काय करू वो?" तो म्हणाला. पुणं कुठल्या कुठे पळालं होतं.

"तुमी हालू नका," माणिकबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाली. "हाये तिथंच उभे राहा."

"आणि विपुल," मॅडम म्हणाल्या, "उभेच आहात, तर त्या अकोल्याच्या लोकांना नको म्हणून फोन करून टाका."

विपुलने खिशातून मोबाइल काढला. उचललेला पाय हळूच आपल्याच मागच्या ठशात ठेवला, आणि फोन कानाला लावला.