जंगलासमोरची खोली

रेल्वेच्या बंद मालधक्क्यावर लोक राडारोडा टाकायचे. त्याची धूळ समोरच्या खोलीत यायची आणि खुर्शीदाआपांची नात माहेनूर खोकून बेजार व्हायची. तिथे झाडं लावा म्हणून आपांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" ऐकून चिडत परतल्या, पण पुन्हा गेल्या. शेवटी परवानगी आली. काही वर्षांत तिथले कडुलिंब, करंज डोक्याच्या वर वाढले आणि माहेनूर खिडकी उघडी टाकून झोपू लागली.

काल त्याच जागी वनउद्यानाचं उद्घाटन झालं. आपा पेढे घेऊन घरमालक सोमनाथशेठकडे गेल्या.

शेठ पेढा खात म्हणाले, "आपा, तुमच्यामुळेच झालं हो हे सगळं!"

मग दुसरा पेढा उचलत म्हणाले,

"तेवढी खोली रिकामी करा आता. जंगलासमोर राहायला लोक दुप्पट भाडं देतायत."