फणीतली टोकं

साडी विणून झाली तरी विणकर उभ्या धाग्यांची टोकं हातमागाच्या फणीतच ठेवतो. नवे धागे त्यांनाच गाठी मारून जोडतो. कीर्ती विणकराचीच लेक, तिला हे ठाऊक होतं. तरी आंतरशाखीय कलासंशोधनाच्या एम.ए.चं प्रदर्शन तोंडावर येताच तिनं बाबांच्या मागावरची टोकं गुपचूप कापून नेली. नागपूरला मागाच्या खडखडाटाच्या ध्वनिमुद्रणासोबत टांगली. पहिला क्रमांक आला. पेढे घेऊन अड्याळला घरी आली, तर बाबा फणीत दोन हजार धागे नव्यानं ओवत बसलेले. "उंदरानं सारी टोकं नेली, बाई," माय म्हणाली. "आठ दिस झाले, ओवूनच राहिले." मागाखाली पिंजरा, त्यात भाकरीचा ताजा तुकडा. माय पाणी आणायला गेली. कीर्ती पेढे ओढणीआड लपवून बसली. बाबांनी मान वर केली नाही. "उंदीर कैचीनं कापत नाही. पिंजरा तुह्या मायले दाखवाले मांडला."